बॅक टू द फ्युचरमधील डीलोरियनची १:८ प्रतिकृती : कोणता प्रसंग धरावा आणि पोलादाचा पोत कसा आणावा?

प्रश्न : काटकोन

बॅक टू द फ्युचर या १९८५ च्या चित्रपटातील कालयंत्राची, म्हणजे डीएमसी-१२ डीलोरियनची, १:८ प्रमाणातील प्रतिकृती मी करायला घेतली आहे. तयार संच वापरलेला नाही. बाहेरचे कवच रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केले आहे, आतला भाग स्टायरीनच्या पत्र्यांतून कापून जोडणार आहे आणि मागच्या यंत्रसामग्रीसाठी पितळी नळ्या, तारा व जुन्या विद्युत उपकरणांचे सुटे भाग जमवले आहेत. मूळ गाडीची लांबी ४२६७ मिमी, रुंदी १९८८ मिमी, उंची ११४० मिमी आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २४१३ मिमी धरले, तर प्रतिकृतीची मापे अनुक्रमे ५३३, २४८.५, १४२.५ आणि ३०१.६ मिमी येतात. कवचाची कोरडी जुळणी या मापांत नीट बसली आहे, त्यामुळे प्रमाणाविषयी शंका उरलेली नाही. अडचण त्यापुढची आहे.

पहिली अडचण संदर्भाची. मी जमवलेल्या छायाचित्रांत एकाच भागाची तीन-चार वेगळी रूपे दिसतात. कुठे मागच्या अणुभट्टीवर झाकण आहे, कुठे त्या जागी ‘मिस्टर फ्यूजन’ हे चित्रपटातील भविष्यकाळातले ऊर्जायंत्र बसवलेले आहे. काही छायाचित्रांत केबलींची मांडणी वेगळी आहे, तर काहींत आतल्या कळफलकाची जागाच बदललेली वाटते. यांतले खरे रूप कोणते मानावे?

दुसरी अडचण पोलादाची. ही गाडी रंगवलेली नव्हती. तिचे पत्रे उघड्या स्टेनलेस स्टीलचे आणि एका दिशेने घासलेले होते. चाचणीच्या तुकड्यावर मी चंदेरी रंगाचे दोन-तीन प्रकार मारून पाहिले, पण त्यांतून रंगवलेले प्लास्टिकच दिसते, धातू दिसत नाही. खरा पातळ पत्रा चिकटवावा की रंगानेच काम साधेल?

तिसरी गोष्ट दरवाजांची. ते वर उघडणारे असल्याने उघडे ठेवल्यावर काही दिवसांत खाली झुकू नयेत, अशी बिजागरी हवी आहे. शेवटची गोष्ट दिव्यांची. कालदर्शक पटल, फ्लक्स कपॅसिटर (चित्रपटात कालप्रवास घडवणारे उपकरण) आणि बाहेरचे पट्टे हे सारे उजळवायचे आहे, मात्र गाडी खेळण्यासारखी लखलखू नये. इंजिन पूर्ण करावे का, हेही अजून ठरलेले नाही. ज्यांनी मोठ्या प्रमाणातील गाड्या केल्या आहेत, त्यांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर : प्रसंगनिष्ठ

आपला पहिला प्रश्न बाकी सर्व प्रश्नांच्या आधी सुटायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर रंग, दिवे आणि दरवाजे यांचेही निर्णय अवलंबून आहेत. ‘चित्रपटातील गाडी’ अशी एकच एक वस्तू कधी नव्हती. पहिल्या चित्रपटासाठी तीन डीलोरियन घेतल्या गेल्या. त्यांपैकी ‘ए’ या नावाने ओळखली जाणारी गाडी जवळून चित्रित करण्यासाठी सर्व बारकाव्यांनिशी सजवलेली होती, दुसरी धावपळीच्या व धोक्याच्या दृश्यांसाठी कमी तपशिलात केलेली होती आणि तिसरी आतली दृश्ये घेता यावीत म्हणून कापलेली होती. पुढच्या दोन भागांत आणखी गाड्या आल्या आणि जुन्यांत फेरफार झाले. त्यामुळे दोन छायाचित्रांतील केबली जुळत नसतील, तर बहुधा दोन्ही छायाचित्रे खरी असतात. गाड्या मात्र वेगळ्या असतात.

म्हणून मी असे सुचवीन की गाडी न निवडता प्रसंग निवडावा. पहिला पर्याय मॉलच्या वाहनतळावरच्या पहिल्या चाचणीचा. त्या वेळी मागे प्लुटोनियमची भट्टी आहे, बोनेट साधे आहे, टायर काळे आहेत. याच प्रसंगात गाडी परत येते तेव्हा ती बर्फाने गोठलेली असते. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून निसटतो. गाडी नाहीशी होताच तिची ‘आउटाटाइम’ ही कॅलिफोर्नियाची क्रमांकाची पाटी मागे रस्त्यावर गरगरत राहते. म्हणजे बर्फाने माखलेल्या गाडीला मागे ती पाटी लावलेली दाखवली, तर ती प्रतिकृती दिसायला कितीही सुंदर असली तरी प्रसंगाशी प्रामाणिक राहत नाही. पाटी हवी असेल तर गाडी कोरडी हवी, बर्फ हवा असेल तर पाटी तळफळीवर, म्हणजे प्रतिकृती जिच्यावर उभी राहते त्या फळीवर, पडलेली हवी.

दुसरा पर्याय १२ नोव्हेंबर १९५५ च्या रात्रीचा. आकाशातून कोसळणाऱ्या विजेचा झोत गाडीत घेण्यासाठी मागे उभा केलेला आकडीचा खांब हे त्या रूपाचे वैशिष्ट्य आहे. दिसायला ते नाट्यमय असले, तरी खांबामुळे प्रतिकृतीची उंची फार वाढते आणि काचपेटीचा हिशेब बिघडतो. तिसरा पर्याय पहिल्या भागाच्या शेवटचा आणि दुसऱ्या भागाचा. तेथे भट्टीच्या जागी मिस्टर फ्यूजन येते, चाके हवेत दुमडतात आणि पाटी भविष्यकाळातल्या पट्ट्यांच्या सांकेतिक खुणांची असते. मिस्टर फ्यूजन हे क्रुप्स कंपनीच्या कॉफी दळण्याच्या यंत्रापासून केलेले होते, त्यामुळे त्या यंत्राची छायाचित्रे मिळवली तर त्याचा आकार अंदाजाने काढावा लागत नाही. चौथा पर्याय तिसऱ्या भागाचा. त्यात बोनेटवर १९५५ सालच्या निर्वात नळ्यांची लाकडी पेटी आणि पांढऱ्या कडांचे टायर येतात. ही सर्व रूपे आकर्षक असली तरी एकातले अर्धे आणि दुसऱ्यातले अर्धे घेऊन केलेली गाडी जाणकाराला लगेच खटकते.

माझे स्वतःचे मत पहिल्या चाचणीच्या बाजूने आहे आणि तेही गाडी निघण्यापूर्वीच्या स्थितीत, कारण तीत या रचनेमागचा मूळ विचार सर्वांत स्वच्छ दिसतो. रॉन कॉब आणि अँड्र्यू प्रोबर्ट यांनी हे रूप रेखाटले, तेव्हा एखाद्या हुशार पण एकट्या माणसाने आपल्या गॅरेजमध्ये हाताशी आले ते जोडून यंत्र उभे केले आहे, असे ते वाटायला हवे होते. गाडीखालची गाडी मात्र कारखान्यातून काटेकोरपणे आलेली आहे. तिची रेषा इटालियन रचनाकार जॉर्जेटो जुजारो यांची, चौकटीची रचना लोटस या मोटार कंपनीची, आणि निर्मिती उत्तर आयर्लंडमधील डनमरीच्या कारखान्यातली. प्रतिकृतीत हे दोन स्वभाव वेगळे राहिले पाहिजेत. पत्र्यांच्या फटी एकसारख्या, कडा धारदार; आणि त्यांवर लादलेली यंत्रसामग्री थोडी वाकडी, वेगवेगळ्या चकाकीची, जागोजागी बांधलेली. बहुतेक जण दोन्ही भाग सारख्याच सफाईने करतात आणि तेथेच यंत्रातला जीव जातो.

छायाचित्रांबद्दल आणखी एक सूचना. ‘ए’ गाडी बराच काळ युनिव्हर्सल स्टुडिओत उघड्यावर प्रदर्शनात राहिल्याने तिची दुरवस्था झाली होती. २०१२ च्या सुमारास तिचे पुनरुज्जीवन पूर्ण झाले आणि २०१६ पासून ती लॉस एंजेलिसच्या पीटर्सन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये दिसू लागली. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी मूळ भागांचा कसून शोध घेतला होता, म्हणून आकार आणि मापे यांसाठी अलीकडची स्पष्ट छायाचित्रे अत्यंत उपयोगी आहेत. घाण, ओरखडे, केबलींचा सैलपणा आणि पृष्ठभागांची चमक यांसाठी मात्र चित्रपटातील स्थिरचित्रांकडेच जावे.

उत्तर : पत्राकाम

मी फक्त पोलादाबद्दल लिहितो, कारण या गाडीची प्रतिकृती जमली की फसली हे ऐंशी टक्के तेथेच ठरते.

डीलोरियनचे बाह्य पत्रे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि त्यांवर एका दिशेने घासल्याच्या रेघा आहेत. आपण चंदेरी रंग मारता तेव्हा त्यातील धातूचे कण सर्व दिशांना पडतात, त्यामुळे प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. घासलेल्या धातूत प्रकाश रेघांना काटकोनात ताणला जातो. गाडीभोवती चालताना चमक पत्र्यावरून सरकत जाते ती याच कारणाने. धातूपणाची जाणीव रंगछटेपेक्षा या सरकणाऱ्या चमकेतून येते, म्हणून कोणत्या कंपनीचा चंदेरी रंग चांगला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा राहत नाही.

आता प्रमाणाचा हिशेब पाहा. खऱ्या पत्र्यावरची रेघ एक दशांश मिलिमीटरच्या आसपास धरली, तर १:८ मध्ये ती ०.०१२५ मिमी, म्हणजे साडेबारा मायक्रॉन होते. पी १५०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरच्या कणांचा सरासरी आकार जवळपास इतकाच, म्हणजे १२.६ मायक्रॉन असतो. पी ४०० चा कण ३५ मायक्रॉनचा असतो आणि त्याने काढलेली रेघ या प्रमाणात खऱ्या गाडीवरच्या ओरखड्याएवढी दिसेल. अनेक प्रतिकृतींत रेघा डोळ्यांना स्पष्ट मोजता येतात, आणि त्या जितक्या स्पष्ट तितकी गाडी लहान वाटते. रेघ दिसता कामा नये, फक्त तिची दिशा जाणवली पाहिजे.

रंगाने काम करायचे असेल तर क्रम असा ठेवावा. कवचावर प्रायमर देऊन तो पी २००० पर्यंत गुळगुळीत करावा. त्यावर चकचकीत काळ्या रंगाचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. वरून वाळलेला दिसला तरी आतून मऊ असतो, म्हणून येथे घाई नको. मग पी १५०० चा कागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने, हात न उचलता, पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावा. पुढे-मागे घासू नये, कारण परतीच्या वेळी रेघ नेमकी वळते आणि टोकांना अर्धगोल खुणा राहतात. यानंतर आरशासारखी चमक देणारा पातळ धातुलेप एअरब्रशने, कमी दाबाने, अतिशय हलक्या थरांत द्यावा. हे लेप इतके पातळ असतात की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. इतर वेळी हा त्यांचा दोष मानला जातो. येथे आपल्याला नेमके तेच हवे आहे. वरून पारदर्शक लॅकर शक्यतो देऊ नये, कारण त्याने धातूची धार बोथट होते. हात लागण्याची भीती असेल तर शेवटपर्यंत सुती हातमोजे वापरणे बरे.

खरा पत्रा चिकटवण्याचा मार्गही चांगला आहे आणि या गाडीला तो विशेष शोभतो, कारण तिचे बरेचसे पत्रे जवळजवळ सपाट किंवा एकाच दिशेने वाकलेले आहेत. दुहेरी वळणावर फॉइल सुरकुतते; तशा जागा येथे थोड्या आहेत. पण दोन गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. मागे गोंद असलेली बाजारातली फॉइल बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परावर्तित करते, तर स्टेनलेस स्टील त्याहून बरेच कमी. त्यामुळे फॉइलची गाडी फार पांढरी दिसते आणि तिच्यावर काळपट पारदर्शक रंगाचा जेमतेम जाणवेल एवढा फवारा द्यावा लागतो. दुसरी गोष्ट जाडीची. ०.०५ मिमीची फॉइल कडेवरून आत वळवली की प्रत्येक फट ०.१ मिमीने अरुंद होते. खऱ्या गाडीतील ५ मिमीची फट १:८ मध्ये जेमतेम ०.६ मिमी येते, म्हणजे तिचा सहावा हिस्सा आपण फॉइलला देऊन बसतो. फॉइल लावायची असल्यास फटी आधीच तेवढ्या रुंद कापून ठेवाव्यात.

रेघांची दिशा प्रत्येक पत्र्यासाठी छायाचित्रातून ठरवावी.  दिशा एका पत्र्यावर पाच-सहा अंशांनी जरी तिरपी झाली तरी शेजारचा पत्रा वेगळ्या रंगाचा भासतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढचा व मागचा बंपराचा भाग पोलादी नाही. तो लवचिक युरेथेनचा असून पोलादाशी जुळेल अशा करड्या छटेत रंगवलेला आहे. त्यावर रेघा नसाव्यात आणि चमकही थोडी मंद असावी. संपूर्ण गाडी एकाच लेपाने झाकून टाकणाऱ्यांची प्रतिकृती या एका ठिकाणी हमखास पकडली जाते.

काटकोन

दोघांचेही मनापासून आभार. प्रसंग आता ठरवून टाकतो : पहिली चाचणी, गाडी निघण्यापूर्वी, कोरडी आणि पाटीसह. पोलादासाठी रंगाचा मार्ग घेतो, कारण फटी आधीच ०.६ मिमीच्या कापून झाल्या आहेत. बोनेटविषयी एक छोटी शंका राहिली. मूळ गाडीच्या छायाचित्रांत काही बोनेटांवर इंधन भरण्याची झडप दिसते, काहींवर नुसत्या खाचा आहेत आणि काही अगदी सपाट आहेत. यात चित्रपटाचा संबंध आहे, की कारखान्यातच बदल होत गेले?

उत्तर : पत्राकाम

तो कारखान्यातला बदल आहे. सुरुवातीच्या गाड्यांत झडप होती, नंतर झडप गेली पण खाचा राहिल्या, आणि शेवटच्या काळात बोनेट सपाट झाले. डीलोरियनचे उत्पादन १९८१ पासून जेमतेम दोन वर्षे चालले, गाड्या सुमारे नऊ हजार निघाल्या, आणि तेवढ्यातच हे तीन प्रकार झाले. आपण निवडलेल्या प्रसंगातील स्थिरचित्र समोर ठेवूनच बोनेट कापा; रस्त्यावरच्या गाडीचे छायाचित्र येथे उपयोगाचे नाही.

उत्तर : आसबिजागरी

दरवाजे आणि चाके यांविषयी.

मूळ गाडीत प्रत्येक दरवाजा छतामध्ये बसवलेल्या पिळाच्या दांड्यावर तोललेला आहे. अतिशीत तापमानाला पीळ देऊन हे दांडे ग्रमन या विमाननिर्मिती कंपनीने तयार केले होते, आणि जोडीला वायूचा दांडा असतो. तीच रचना लहान करून बसवण्याचा मोह होतो, पण प्रमाण लहान झाले की वजन आणि ताकद एकाच वेगाने लहान होत नाहीत. १:८ मध्ये दरवाजाचे वजन ५१२ पटींनी घटते आणि त्याचा बिजागरीवरचा भार, लांबीही घटल्यामुळे, ४०९६ पटींनी घटतो. त्याच धातूचा, तंतोतंत लहान केलेला दांडा त्याच कोनात पिळला असता मात्र त्याचा जोर केवळ ५१२ पटींनी कमी होतो. म्हणजे दांडा गरजेपेक्षा आठपट जोरकस ठरतो आणि दरवाजा बंदच राहत नाही. प्लास्टिकचा दरवाजा मूळच्यापेक्षा हलका असल्याने हा फरक आणखी वाढतो.

यावरून असे दिसते की येथे स्प्रिंगची गरजच नाही, घर्षणाची आहे. स्प्रिंग स्टीलची तार पितळी नळीत घट्ट बसेल अशी घ्यावी आणि नळी मधोमध पकडीने किंचित दाबावी, म्हणजे ती तारेला धरून ठेवील. नळी छताच्या मधल्या पट्टीत इपॉक्सीने बसवावी. सुपर ग्लू येथे चालत नाही, कारण तो ठिसूळ असून वारंवारच्या पिळाने सुटतो. नळी छतात बसवण्यापूर्वी दरवाजा हातात धरून पुरेशा वेळा उघड-बंद करून पाहावा, कारण एकदा छत बंद झाले की दाब वाढवण्यास वाव राहत नाही. रेझिनच्या छताची मधली पट्टी सावकाश वाकते, म्हणून तिच्या पोटात पितळी पट्टी घालणे आवश्यक आहे. आपण ज्याला दरवाजे झुकणे म्हणतो, ते बहुतेक वेळा बिजागरी सैल होऊन नव्हे, तर छत वाकून होते. दरवाजे उघडल्यावर मूळ गाडीची उंची सुमारे १९६ सेंमी होते. प्रतिकृतीत ती २४५ मिमी धरून काचपेटी करावी.

चाकांबाबत एक इशारा देतो. डीलोरियनची पुढची आणि मागची चाके सारखी नाहीत. पुढे १९५/६० आणि १४ इंची रिम, मागे २३५/६० आणि १५ इंची रिम असे माप आहे. हिशेब केल्यास पुढच्या टायरचा व्यास ५९० मिमी आणि मागच्याचा ६६३ मिमी येतो, म्हणजे प्रतिकृतीत ७३.७ आणि ८२.९ मिमी, रुंदी अनुक्रमे २४.४ आणि २९.४ मिमी. चारही चाके एकाच साच्यातून काढली, तर गाडीचा किंचित पुढे झुकलेला रोख नाहीसा होतो आणि काय चुकले ते लवकर कळतही नाही.

इंजिनबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मागच्या पट्ट्या काढून त्या जागी भट्टी आणि दोन मोठी झोतनळकांडी आल्यामुळे ते दिसतच नाही. तो वेळ आतल्या भागावर खर्च करावा. खालची चौकट मात्र रिकामी सोडू नये. तिच्यावर मूळ गाडीत करड्या इपॉक्सीचा लेप आहे, तो एका रंगात सहज उरकतो.

उत्तर : मंदप्रकाश

दिव्यांचे काम सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. कालप्रवासाच्या क्षणी गाडीभोवती जो निळसर-पांढरा प्रकाश आपल्याला आठवतो, त्यातला मोठा भाग इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने चित्रणानंतर फिल्मवर घातलेला आहे. आपण निवडलेल्या प्रसंगात गाडी उभी आहे. त्यामुळे बाहेरचे पट्टे वेगळ्या स्विचवर ठेवावेत आणि नेहमीसाठी ते बंदच असावेत. आत कालदर्शक पटल आणि फ्लक्स कपॅसिटर एवढेच उजळले, तरी उघड्या दरवाजातून गाडी पुरेशी जिवंत वाटते.

कालदर्शक पटलात तीन ओळी आहेत : वरची लाल, गंतव्य वेळेची, मधली हिरवी, वर्तमान वेळेची, खालची पिवळसर, मागील प्रस्थानाची. या आकाराचे खरे आकडेदर्शक मिळत नाहीत आणि मिळण्याची गरजही नाही. पारदर्शक फिल्मवर गर्द काळ्या पार्श्वभूमीत आकडे उघडे ठेवून छापावेत आणि मागून उजेड द्यावा. तीन ओळींमागे तीन स्वतंत्र कप्पे करावेत, नाहीतर लाल उजेड हिरव्यात शिरतो. कप्प्यांच्या आतल्या बाजूला आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा : काळा प्रकाश बाहेर झिरपू देत नाही, पांढरा तो आत पसरवतो. तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. ५ नोव्हेंबर १९५५ ही तारीख सर्वांना पाठ असल्याने जो तो तीच वर छापतो, पण डॉक, म्हणजे चित्रपटात हे यंत्र बनवणारा शास्त्रज्ञ, ती पटलावर भरून दाखवतो ते पहिली चाचणी पार पडल्यानंतर. चाचणीनंतर गाडी परत येते तेव्हा वर्तमान ओळीत २६ ऑक्टोबर १९८५, पहाटे १.२१ आणि प्रस्थानाच्या ओळीत त्याच दिवशीचे १.२० असते. म्हणजे आपण निवडलेल्या क्षणी वर्तमान ओळ १.२० च्या पुढे गेलेली चालणार नाही.

वेगदर्शकाचेही असेच आहे. त्या काळच्या अमेरिकी नियमांमुळे मूळ डीलोरियनचा वेगदर्शक ताशी ८५ मैलांवर संपतो, तर कालप्रवासासाठी ८८ मैल लागतात. म्हणून चित्रपटात तो बदललेला आहे. मूळ गाडीच्या पटलाचे छायाचित्र लहान करून चिकटवल्यास ही विसंगती नकळत प्रतिकृतीत उतरते.

फ्लक्स कपॅसिटर आसनांच्या मागे, दोघांच्या मधोमध असलेल्या पेटीत आहे. तीन नळ्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात आहेत आणि दिवे टोकांकडून केंद्राकडे धावत जातात. प्रत्येक नळीत चार-पाच बारीक एसएमडी एलईडी पुरतात आणि त्यांचा क्रम एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरने चालवता येतो. पेटीवर ‘उघडण्यापूर्वी कपॅसिटरचा ड्राइव्ह बंद करावा’ आणि ‘प्रकाशापासून डोळे सांभाळावेत’ अशा अर्थाच्या उठावदार अक्षरांच्या पट्ट्या आहेत. १:८ मध्ये त्यांची अक्षरे अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास येतात, तेव्हा उठाव विसरून त्या बारीक छपाईच्या डेकलवर, म्हणजे चिकटवायच्या पातळ छापील चित्रावर, कराव्यात.

विजेचा हिशेब सोपा आहे, पण तो प्रत्येक रंगासाठी वेगळा करावा लागतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर पांढरा एलईडी ३.२ व्होल्ट घेतो. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर उरलेले १.८ व्होल्ट भागिले ०.०१, म्हणजे १८० ओहमचा रेझिस्टर लागतो. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, म्हणून तेथे ३०० ओहम, प्रत्यक्षात ३३० वापरावा. हे फक्त आरंभीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात १० मिलिअँपिअरचा प्रकाश एवढ्या लहान जागेत डोळ्यांत खुपतो, आणि मी बहुतेक ठिकाणी रेझिस्टर वाढवत वाढवत दोन मिलिअँपिअरपर्यंत येतो. तारांसाठी वाइंडिंगची एनॅमल तार घ्यावी; सोल्डर करण्याआधी तिच्यावरचा लेप खरवडावा. बटणसेल गाडीत बंद करून ठेवू नयेत, त्या गळल्या तर आतले सर्व काम नासते. तळफळीतून पुरवठा घ्यावा आणि गाडी तळापासून सुटी करता यावी म्हणून एका आसाजवळ कनेक्टर लपवावा.

उत्तर : प्रसंगनिष्ठ

तारखांची दुरुस्ती योग्य आहे. मी प्रसंग सुचवला तेव्हा पटलाचा विचार केलेला नव्हता. केबलींबद्दल मात्र एक भर घालतो. खऱ्या गाडीच्या बाजूने गेलेल्या जाड केबलींचे माप छायाचित्रातून काढून त्याला आठाने भागावे. एक मिलिमीटरची तार येथे आठ मिलिमीटरची केबल होते, हे भान सुटले की मागची बाजू दोरखंडांनी बांधल्यासारखी दिसते. सर्व केबली एकाच काळ्या रंगाच्या नसाव्यात. काही रबरी आणि निस्तेज, काही प्लास्टिकच्या आणि थोड्या चमकदार, काही धातूच्या जाळीच्या असाव्यात. धातूच्या जाळीसाठी जुन्या ऑडिओ केबलमधले बारीक विणलेले आवरण सोडवून नळीवर ओढले तर ते या प्रमाणात अगदी शोभते.

काटकोन

पटलावरची वर्तमान ओळ आता पहाटे १.१९ वर ठेवतो. मागील प्रस्थानाच्या ओळीत काय असावे, हा प्रश्न मात्र उरतो, कारण पहिल्या प्रवासाआधी प्रस्थानच झालेले नाही.

उत्तर : मंदप्रकाश

तो कप्पा बनवून ठेवा, पण त्याचा एलईडी जोडू नका. आकड्यांची फिल्म मागून न उजळल्यास काळीच दिसते, आणि पुढे एखादे स्पष्ट स्थिरचित्र हाती लागले तर पटल न उघडता नुसती तार जोडून ओळ उजळवता येईल. त्यासाठी तारेची दोन्ही टोके आसनाखाली बाहेर काढून ठेवावीत.